बुधवार वाडा : एका जळालेल्या वास्तूची आठवण

व्याख्यानमालेच्या चालकांनी ‘गावाच्या मध्यवस्तीतील एखादी नाहीशी झालेली सार्वजनिक वास्तू’ असा विषय आम्हांस सुचविला, तेव्हा आमचे मन साहजिकच प्रथम आपल्याच शहराच्या गल्लीबोळांतून फिरून आले. येथे या विषयाला तोटा नाही. बावन्न दरवाजांचे शहर अशी आपण आपली ओळख सांगतो, आणि पाहुण्याला दरवाजे दाखवावयास निघालो म्हणजे बारा-तेरांवर गाडी अडते. औरंगजेबाने १६८२ साली मराठ्यांच्या स्वाऱ्यांना आळा घालण्यासाठी शहराभोवती तट उभारला. त्याचे आज तुकडे तेवढे उरले आहेत. गुलमंडी हे नाव फुलांच्या बाजाराचे, रंगार गल्ली हे रंगाऱ्यांचे. आज तेथली गर्दी दुसऱ्याच मालासाठी असते. वस्तू जाते आणि नाव मागे राहते, हा अनुभव आपणांपैकी प्रत्येकाला रोज बाजारात जाता-येता येतो.

असे असूनही आज आम्ही बोलणार आहोत ते पुण्याच्या एका वाड्याविषयी. पुण्याचे गोडवे येथे येऊन गाण्याचा आमचा हेतू नाही. मराठवाड्याने ते पुष्कळ ऐकले आहे. कारण साधे आहे. आपल्या शहरातील गेलेल्या वास्तूंविषयी आठवणी पुष्कळ, पण त्या आठवणी ज्यावर घासून पाहावयाच्या तो कागद बराचसा फारसीत आणि उर्दूत, आणि त्याचाही मोठा भाग हैदराबादच्या दप्तरखान्यात. बुधवार वाड्याची गोष्ट उलट आहे. तो वाडा असा नाहीसा झाला की त्याचा दगडही दाखविता येत नाही; परंतु तो कोणत्या रात्री गेला, कुणाच्या हाताने गेला, आणि त्याच्या जाण्याने कोणाकोणाच्या आयुष्यात काय उलथापालथ झाली, हे मात्र लिहून ठेवलेले आहे. शिवाय ज्या वसंत व्याख्यानमालेच्या नावाने आपण येथे दरवर्षी जमतो, तिचा जन्मही त्याच काळातला, त्याच शहरातला, आणि या वाड्याच्या आगीत ज्यांच्यावर विनाकारण संशय आला त्यांच्याच हातचा आहे.

आणखी एक धागा आहे, तो प्रथम सांगतो. खडकी हे मलिक अंबरने नावारूपाला आणलेले गाव. त्याला १६५३ साली औरंगाबाद हे नाव मिळाले ते औरंगजेब दक्षिणेचा सुभेदार म्हणून दुसऱ्यांदा आला तेव्हा. त्यानंतर सुमारे पन्नास वर्षांनी, १७०३ च्या सुमारास, हाच औरंगजेब म्हातारा बादशहा होऊन पुण्यास छावणी करून राहिला, आणि तेथे वारलेल्या आपल्या नातवाच्या नावावरून त्याने त्या वस्तीला मुहियाबाद म्हटले. ते मुहियाबाद म्हणजेच पुढची बुधवार पेठ. आपल्या शहराला त्याने दिलेले नाव साडेतीनशे वर्षांहून अधिक काळ चालले आणि ते २०२३ साली अधिकृतपणे बदलून छत्रपती संभाजीनगर झाले; पुण्याच्या पेठेला दिलेले नाव लोकांनी फार दिवस तोंडात ठेवलेच नाही. बादशहाचे फर्मान आणि बाजारची जीभ यांच्यात शेवटी कोण जिंकते याचा काही नियम सांगता येत नाही, एवढेच यावरून दिसते.

या पेठेत, बेलबाग, तुळशीबाग आणि तांबडी जोगेश्वरी यांच्या परिसरात, दुसऱ्या बाजीरावाने १८१३ साली एक मोठा वाडा बांधला. बाजीरावाला वाडे बांधण्याची हौस होती. शनिवारवाडा पूर्वजांनी बांधलेला, ऐसपैस, सर्व सोयींचा. परंतु तेथे १७७३ साली नारायणरावाचा खून झालेला, आणि १७९५ साली सवाई माधवराव वरून पडून त्याच वाड्यात गेलेला. हा दुसरा बाजीराव खुनाचा बोल ज्यांच्यावर आला त्या राघोबादादांचा मुलगा. त्याला तेथे झोप लागत नसे असे सांगतात. खरे खोटे त्याचे त्याला ठाऊक. शुक्रवार पेठेत एक, सदाशिव पेठेत विश्रामबाग आणि बुधवारात हा, असे तीन वाडे त्याने पंधरा वर्षांच्या आत उभे केले. राज्य मात्र त्याच मुदतीत हातचे जात होते. बुधवार वाडा बांधून चार वर्षे होतात न होतात तोच नोव्हेंबर १८१७ मध्ये खडकीची लढाई झाली, शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण लागले, आणि १८१८ च्या जूनमध्ये बाजीराव जॉन माल्कमच्या स्वाधीन होऊन गंगाकाठी ब्रह्मावर्तास निघून गेला. ज्याने वाडा बांधला त्याला तो जेमतेम चार पावसाळे भोगावयास मिळाला. तेव्हा बुधवार वाडा हा पेशव्यांचा वाडा, असे जे आपण म्हणतो ते बांधणीपुरतेच खरे आहे. त्याचे खरे आयुष्य, साठ वर्षांचे, पेशवे गेल्यानंतर सुरू झाले.

राजाचा वाडा लोकांचा कसा होतो, हे येथे पाहावयास मिळते. इंग्रज सरकारला कचेऱ्यांसाठी जागा हवी होती, आणि नवी बांधण्यापेक्षा जप्त केलेली वापरणे स्वस्त. विश्रामबागेत १८२१ साली संस्कृत पाठशाळा बसली. बुधवार वाड्यात सरकारी कामे आली, आणि पुढे सरकारी इंग्रजी शाळाही त्याच वाड्यात भरू लागली. या शाळेचे आणि विश्रामबागेतील पाठशाळेचे १८५१ साली एकीकरण होऊन पूना कॉलेज झाले, आणि त्याचेच पुढे डेक्कन कॉलेज. म्हणजे महाराष्ट्राच्या नव्या विद्येच्या दोन मुळ्या बाजीरावाच्या दोन वाड्यांत रुजल्या. ज्या जिन्यावरून पूर्वी हुजऱ्याने वर्दी दिल्याशिवाय कोणी वर जात नसे, त्या जिन्यावरून आता पोरे पाट्या-पुस्तके घेऊन धावू लागली.

१८४८ च्या फेब्रुवारीत या वाड्यात एक ग्रंथालय निघाले. ‘नेटिव्ह जनरल लायब्ररी’ हे त्याचे नाव. पुढाकार गोपाळ हरि देशमुखांचा, आणि त्यांना पाठबळ ब्राउन नावाच्या इंग्रज न्यायाधीशाचे. देशमुखांचे वय तेव्हा पंचवीसच्या आत होते. त्याच वर्षी मुंबईच्या ‘प्रभाकर’ पत्रात ‘लोकहितवादी’ या नावाने त्यांची पत्रे येऊ लागली, आणि पुण्याच्या शास्त्रीमंडळींना ठसका लागला. हा मनुष्य एका हाताने लोकांना फटकारीत होता आणि दुसऱ्या हाताने त्यांच्यासाठी पुस्तके मांडीत होता, हे लक्षात ठेवले पाहिजे. नुसते फटकारणारे पुढे पुष्कळ झाले.

ग्रंथालय म्हटले म्हणजे आज आपल्याला काही विशेष वाटत नाही. त्या काळचा विचार करावा. पोथी होती ती घरात, सोवळ्यात, कापडात बांधलेली. ती कुणी वाचावी हे जन्माने ठरलेले. वर्गणी दिली की छापील पुस्तक मिळते, ते टेबलावर ठेवून वाचावयाचे, शेजारी बसलेला दुसरा गृहस्थ वर्तमानपत्र चाळतो आहे आणि त्याच्याशी आपली ओळखही नाही, ही गोष्टच नवी होती. वर्तमानपत्र वाचून झाले की त्यावर बोलणे आले, बोलण्यातून वाद आला, आणि वादातून सभा. पुणे सार्वजनिक सभा २ एप्रिल १८७० रोजी स्थापन झाली. तिच्या मागे जी पिढी उभी होती ती अशा वाचनालयांत आणि अशा शाळांत तयार झालेली होती.

परंतु ‘सर्वांसाठी खुले’ या शब्दांत ‘सर्व’ म्हणजे किती, हे विचारल्याशिवाय पुढे जाणे बरोबर नाही. ज्या साली बुधवार वाड्यात ग्रंथालय निघाले त्याच साली, त्याच पेठेत, तेथून काही पावलांवर भिड्यांच्या वाड्यात जोतीराव फुल्यांनी मुलींची शाळा काढली. एका पेठेत, एका वर्षी, दोन दारे उघडली. पहिल्या दाराला सरकारचा आधार होता, शिकलेल्या पुरुषांची वर्गणी होती. दुसऱ्या दारातून आत जाणाऱ्या मुली आणि त्यांना शिकविणाऱ्या सावित्रीबाई यांच्या वाट्याला शेण आणि दगड आले. फुल्यांना स्वतःच्या घरातून बाहेर पडावे लागले. ज्या स्त्रियांनी आणि ज्या जातींनी बुधवार वाडा बाहेरूनच पाहिला, त्यांच्या आठवणीत तो वाडा ग्रंथालय म्हणून कसा असेल? त्यांच्या दृष्टीने ती कचेरी होती, फार तर. इंग्रज सरकारने १६ नोव्हेंबर १८५२ रोजी फुल्यांचा शालजोडी देऊन सत्कार केला तो विश्रामबागवाड्यात, बाजीरावाच्याच दुसऱ्या वाड्यात. पेशवाईत ज्या आवारात ब्राह्मणांना दक्षिणा वाटली गेली असेल तेथे माळ्याच्या मुलाच्या खांद्यावर शाल पडली, हे पुण्याच्या पुष्कळ लोकांना फार लागले असले पाहिजे.

असो. १८७० नंतरचे दशक पुण्याला बरेच हलविणारे गेले. १८७५ च्या उन्हाळ्यात न्यायमूर्ती महादेव गोविंद रानड्यांच्या पुढाकाराने वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. त्याच वर्षी जुलैपासून बुधवार पेठेत भिड्यांच्या वाड्यात स्वामी दयानंदांची व्याख्याने झाली, आणि सप्टेंबरात त्यांची मिरवणूक निघाली तेव्हा रानडे आणि फुले दोघेही तिच्यात चालले. वासुदेव बळवंत फडके नावाचा लष्करी हिशेब खात्यातला एक कारकून रविवारी गावोगाव व्याख्याने देत हिंडू लागला. मग १८७६ ते १८७८ चा दुष्काळ आला. सार्वजनिक सभेने दुष्काळाची माहिती गावोगावहून गोळा करून सरकारपुढे मांडली. सरकारने १८७८ च्या मार्चमध्ये देशी वर्तमानपत्रांवर निर्बंध घालणारा कायदा आणला. एकीकडे लोक अर्ज लिहावयास शिकले होते, दुसरीकडे सरकार अर्ज लिहिणाऱ्याकडे संशयाने पाहावयास शिकले होते.

अशा हवेत १८७९ साल उजाडले. फेब्रुवारीत फडक्यांनी रामोश्यांना हाताशी धरून धामारीवर दरोडा घातला. मे महिन्यात त्यांचा जाहीरनामा निघाला आणि त्यात खुद्द गव्हर्नर रिचर्ड टेंपलच्या डोक्यावर इनाम लावलेले होते. १० मेच्या सुमारास कोकणात पळस्पे आणि चिखली येथे त्यांच्या लोकांनी लूट केली. सरकारी बंगल्यांतून झोप उडाली होती. आणि १३ मेच्या रात्री पुण्यात बुधवार वाडा आणि विश्रामबागवाडा, दोन्ही एकाच रात्री पेटले.

पेशवाई वाड्याची बांधणी ज्यांनी पाहिली आहे त्यांना ही आग कशी असेल हे सांगावयास नको. जोते दगडाचे, भिंती विटांच्या, आणि त्यांच्यावर सगळा संसार सागवानी लाकडाचा: खांब, तुळया, तक्तपोशी, महिरपी, कोरीव सुरूच्या आकाराचे खांब, जिने. मे महिन्यात हे लाकूड सुकून कापरासारखे झालेले असते. मधला चौक उघडा, त्यामुळे वाऱ्याला धुराड्यासारखी वाट. शनिवारवाडा १८२८ साली असाच पेटला होता आणि त्याची आग कित्येक दिवस विझली नव्हती. विश्रामबागेचा काही भाग वाचला. बुधवार वाडा गेला. त्याबरोबर लोकहितवादींनी एकतीस वर्षांपूर्वी मांडलेला ग्रंथसंग्रह गेला. देशमुख तेव्हा हयात होते. आपण लावलेले झाड जळालेले त्यांना पाहावे लागले.

आता या गोष्टीचा खरा कठीण भाग येतो. आग कुणी लावली? सरकारपुढे उत्तर तयार होते: फडक्यांनी, किंवा फडक्यांच्या मागे असलेल्या पुण्यातल्या सुशिक्षित ब्राह्मणांनी. सरकारी वर्तुळात अशी समजूत होती की दरोडे हे हात, आणि डोके पुण्यात आहे. त्याच वर्षी टेंपलने व्हाइसरॉय लिटनला चित्पावन ब्राह्मणांच्या राज्यतृष्णेविषयी जे लिहिले ते इतिहासाच्या अभ्यासकांना परिचित आहे. हे डोके कोणाचे? सार्वजनिक सभा ज्यांच्या सल्ल्याने चाले, व्याख्यानमाला ज्यांनी काढली, त्या रानड्यांचे. रानडे सरकारी न्यायाधीश, त्यांची आधीच पुण्याहून नाशिकला बदली झालेली. परंतु उन्हाळ्याच्या सुट्टीसाठी ते त्या मे महिन्यात नेमके पुण्यास आलेले होते. एवढे पुरे झाले. सुट्टी संपण्याची वाटही न पाहता त्यांना धुळ्यास जाण्याचा हुकूम आला.

हे सर्व आपल्याला इतक्या जवळून कळते याचे श्रेय रमाबाई रानड्यांना आहे. ‘आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी’ हे त्यांचे पुस्तक १९१० साली निघाले. आगीच्या वेळी त्या सोळा-सतरा वर्षांच्या होत्या. धुळ्यास गेल्यावर रानड्यांची टपाले फोडली जात; फडक्यांच्या नावाने बनावट पत्रे त्यांच्याकडे येत, म्हणजे ते काय करतात हे पाहावे; आणि ते ती पत्रे आल्या पावली पोलिसांकडे पाठवीत. स्नेह्यांनी सुचविले की नोकरी सोडा, रजा घ्या, काही तरी करा. रानड्यांनी काही केले नाही. बदलीच्या गावी जाऊन रुजू झाले आणि काम करू लागले. सरकारी अहवालांतून ही हकीकत निघाली नसती. एक तरुण मुलगी नवऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहत घरात वावरत होती, म्हणून ती आपल्यापर्यंत पोचली. गावच्या इतिहासाला दप्तरे लागतात हे खरे, पण असे डोळे लागतात हेही खरे.

आणि आग लावणारा? तो निघाला सरकारी बुक डेपोतला एक कारकून. कृष्णाजी नारायण रानडे त्याचे नाव. पैशांची अफरातफर केलेली, हिशेब उघडकीस येण्याची वेळ आलेली, तेव्हा कागदच नाहीसे करावेत म्हणून त्याने वाडे पेटविले. त्याला काळ्या पाण्याची शिक्षा झाली. आडनावाच्या या योगायोगाने न्यायमूर्तींच्या शत्रूंच्या हाती आयते कोलीत दिले असे म्हणतात. आम्हांस यात योगायोगापेक्षा दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. साम्राज्याच्या विरुद्ध कट शोधण्यासाठी सरकारने माणसे लावली, पत्रे फोडली, गव्हर्नरने व्हाइसरॉयला लिहिले, एका न्यायाधीशाला रातोरात हलविले. आणि वाडा जळाला होता काही रुपयांच्या चोरीसाठी, सरकारच्याच खात्यातील सरकारच्याच नोकराच्या हातून. बंड लोकांत शोधीत होते, चोर कचेरीत बसलेला होता.

फडक्यांचा पाठलाग मात्र थांबला नाही, आणि येथे गोष्टीचा एक फाटा आपल्याकडे वळतो. सह्याद्रीत टिकाव लागेना तेव्हा ते निजामाच्या मुलखात उतरले आणि रोहिले-अरबांची जमवाजमव करू लागले. मेजर डॅनियलच्या बरोबर निजामाच्या पोलिसांतील अब्दुल हक त्यांच्या मागावर होता, आणि २० जुलै १८७९ च्या रात्री विजापूरकडील देवरनावडगी येथे, तापाने फणफणलेले, झोपेत असताना ते पकडले गेले. पुण्यात खटला चालला तेव्हा त्यांचे वकीलपत्र घ्यावयास कोणी धजेना. सार्वजनिक सभेचे गणेश वासुदेव जोशी, ज्यांना लोक ‘सार्वजनिक काका’ म्हणत, ते उभे राहिले. सरकारचा संशय आधीच सभेवर होता. तरीही ते उभे राहिले. फडक्यांना जन्मठेप होऊन एडनला नेण्यात आले, आणि तेथेच १७ फेब्रुवारी १८८३ रोजी त्यांचा अंत झाला. ज्या आगीने त्यांच्या नावाचा गवगवा वाढला ती त्यांची नव्हती. जी त्यांची होती तिचा हिशेब वेगळा आहे, आणि तो करण्याचे हे स्थळ नव्हे.

लोकांच्या आठवणीत मात्र कारकुनाला जागा नाही. चोर ही आठवण ठेवण्यासारखी वस्तू नव्हे. बंडवाल्याने इंग्रजांच्या कचेऱ्या जाळल्या ही गोष्ट सांगावयास बरी, ऐकावयास बरी. सरकारला जी समजूत सोयीची वाटली, तीच पुढे अभिमान म्हणून लोकांनाही सोयीची वाटावी, ही मोठी मौजेची गोष्ट आहे. आम्ही इतिहास सांगावयास उभे आहोत, तेव्हा आम्हांस कारकुनाचे नाव घेणे प्राप्त आहे. आमच्या श्रोत्यांपैकी कुणाची निराशा झाली असेल तर ती आम्हांस समजते.

मराठवाड्याच्या माणसाला हा सगळा प्रकार परका वाटू नये. निजामी राजवटीत सभा भरवावयाची तर आधी परवानगी हवी, अशी गश्ती निघाली होती. तिचा ‘त्रेपन्न’ हा आकडा जुन्या मंडळींच्या अजून तोंडात असे. सभेला बंदी म्हणून वाचनालये, शाळा, गणेशोत्सव यांच्याच अंगणात लोकांना सार्वजनिक जीवन शिकावे लागले. १९३८ च्या नोव्हेंबरात येथल्या इंटरमीजिएट कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी ‘वंदे मातरम्’ म्हणण्याचा हट्ट धरला आणि त्यासाठी त्यांना वसतिगृह सोडावे लागले, कॉलेज सोडावे लागले. त्यांतील पुष्कळांना नागपूरच्या विद्यापीठाने आसरा दिला. पुण्यात १८७९ साली ग्रंथालयात बसणाऱ्यांकडे सरकारने ज्या डोळ्यांनी पाहिले, त्याच डोळ्यांनी येथे एका गाण्याकडे पाहिले गेले. फरक इतकाच की आपल्याकडची ही आठवण सांगणारी माणसे काल-परवापर्यंत आपल्यात होती, आणि त्यांतल्या थोड्यांनीच लिहून ठेवले.

बाजीरावाच्या वाड्यांचे पुढे काय झाले ते सांगून आम्ही थांबू. शुक्रवार वाडाही आगीतच गेला. विश्रामबागवाडा दुरुस्त झाला. पुढे पुणे नगरपालिकेची कचेरी कित्येक वर्षे तेथे होती, आणि त्याचा कोरीव सागवानी सज्जा रस्त्यावरून जाणाऱ्याला आजही दिसतो. शनिवारवाड्याचा तट आणि दिल्ली दरवाजा उभा आहे, आत जोती आणि कारंज्यांचे हौद. तेथे लोक तिकीट काढून जातात. बुधवार वाड्याला यांतले काहीच लाभले नाही. त्याची जागा गावाच्या अगदी मध्यावर, बाजाराच्या तोंडाशी. अशी जागा कोणतेही गाव रिकामी ठेवीत नाही. १८८५ च्या सरकारी गॅझेटियरमध्ये तो आधीच भूतकाळात गेलेला आहे. आज त्या चौकात उभे राहून चार जणांना विचारावे, बुधवार चौक कुठे हे चारही जण सांगतील. वाडा कुठे होता हे चौघांपैकी एखादाच सांगेल.

उलट भिड्यांच्या वाड्याची गोष्ट पाहा. तो वाडा लहान, कुणा पेशव्याने न बांधलेला. त्यातली पहिली शाळा काही महिनेच चालली. नंतर दीडशे वर्षे तेथे भाडेकरू राहिले, दुकाने थाटली गेली, भिंती खचल्या. परंतु त्या शाळेची आठवण धरून ठेवणारे लोक वाढत गेले. राष्ट्रीय स्मारकासाठी वाडा ताब्यात घ्यावा म्हणून वर्षानुवर्षे खटला चालला, सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये भाडेकरूंचे अपील फेटाळले, आणि डिसेंबरच्या आरंभी एका रात्रीत तो मोडकळीला आलेला वाडा पाडण्यात आला, स्मारकाला जागा व्हावी म्हणून. आठवण टिकविण्यासाठी वास्तू पाडली, यावर पुण्यात दोन्ही बाजूंनी बोलले गेले. वास्तू ज्या स्थितीत होती ती पाहता दुसरा मार्ग होता असे आम्हांस वाटत नाही. पण ज्या खोलीत मुलींनी पहिल्यांदा पाटी धरली त्या खोलीची एखादी तुळई, एखादा उंबरा तरी नव्या इमारतीत बसविला जावा, एवढी अपेक्षा करणे गैर नाही.

राहता राहिले ते ग्रंथालय. पुस्तके जळाली, जागा गेली, परंतु संस्था मेली नाही. रानडे आणि त्यांच्या मंडळींनी ती पुन्हा उभी केली. पुणे नगर वाचन मंदिर या नावाने ती आजही चालते, म्हणजे पावणेदोनशे वर्षे उलटली. आगीनंतर साडेसात महिन्यांनी, १ जानेवारी १८८० रोजी, मोरोबादादांच्या वाड्यात विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि बाळ गंगाधर टिळक यांनी न्यू इंग्लिश स्कूल काढले, आणि ‘केसरी’चा पहिला अंक त्याच्या पुढच्या वर्षी निघाला. रानडे धुळ्याहून पुढे मुंबईस गेले, १८९३ साली हायकोर्टाचे न्यायाधीश झाले; त्यांच्यावरील संशयाविषयी सरकारने काही प्रायश्चित्त घेतल्याचे कोठे दिसत नाही. आणि त्यांनी सुरू केलेली पुण्याची वसंत व्याख्यानमाला २१ एप्रिलला सुरू होऊन २० मेला संपते, तेव्हा १३ मे ही तारीख दरवर्षी तिच्यात येतेच. त्या संध्याकाळीही कोणी तरी व्याख्यान देतो, लोक खुर्च्या सरकावून बसतात, आणि रात्री घरी जाताना त्यांतले काही जण बुधवार चौकातून जातात.